बेचाळीस नंबरची मोळी

सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर काचेची एक गोल पाटी दिसते. पाटीवर पान कोरलेलं आहे आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की ही इमारत हिरवी आहे, आणि हिरव्यांतही सोनेरी दर्जाची आहे. ती पाटी मी मिळवली. म्हणजे नाव मालकाचं, सही आमच्या आर्किटेक्टसाहेबांची. पण तिच्यासाठी लागलेल्या सगळ्या फायली मी एकट्यानं तयार केल्या. आयुष्यात दुसरं काही मला इतकं धड जमलेलं नाही. बरीच वर्षं मी घरी आलेल्या पाहुण्यांना स्कूटरवर बसवून ती दाखवायला न्यायचो. आता त्या रस्त्यानं जायचं टाळतो.

नव्वदच्या सुमाराला मी सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि साहेबांच्या ऑफिसात चिकटलो. दहा-बारा वर्षं जिने आणि संडास काढले. दर्शनी भाग साहेब काढायचे, मागचं सगळं माझ्याकडे. माझं अक्षर चांगलं, आकडे चोख, आणि स्वभाव खडूस. कंत्राटदार मला मागून ‘हेडमास्तर’ म्हणत आणि ते मला आवडायचं. माझ्या हाताखाली कधी कोणी नव्हतं, त्यामुळे कुणावर तरी हुकमत चालवायची माझी भूक तशीच राहून गेली होती. हे मला आता कळतं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचो.

मग दोन हजार सालानंतर ही हिरव्या इमारतींची टूम निघाली. नाशकात तेव्हा ती कुणाला फारशी ठाऊक नव्हती आणि आमच्या मालकाला तर मुळीच नव्हती. तो पंपांचे सुटे भाग बनवायचा. परदेशातलं एक गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं, जेवताना त्यानं विचारलं की तुमचं नवं ऑफिस प्रमाणित असणार ना, आणि मालकानं तोंडातला घास न गिळताच हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे हजर. साहेबांनी त्याला तासभर समजावलं, की वीज कमी लागते, पाणी वाचतं, उजेड चांगला असला की माणसं कमी आजारी पडतात, कामाला हुरूप येतो. मालक सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, शेजारच्या प्लॉटवाल्यानं हे घेतलंय का? साहेब म्हणाले, त्यानं अर्ज केलाय, चांदीचा दर्जा मिळेल असं ऐकलं. मालक म्हणाला, मग आपल्याला सोनं पाहिजे.

लोक असली प्रमाणपत्रं का घेतात यावर पुढे मी दोन कॉलेजांत भाषणं दिली. पृथ्वी, पुढच्या पिढ्या, गोदावरीचं पाणी, सगळं बोललो. शेजारचा प्लॉटवाला तेवढा सांगितला नाही. पण खोटं कशाला बोलू, इमारत खरोखर चांगली झाली. उत्तरेच्या काचांतून दिवसभर दिवे न लावता काम चालतं, गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरतं, आणि मे महिन्यातही आत बसवतं. वाईट इमारत असती तर हे सगळं सांगणं सोपं गेलं असतं.

प्रमाणपत्राचा सगळा खेळ गुणांचा. प्रत्येक गोष्टीला एक-दोन गुण, आणि प्रत्येक गुणाला पुरावा. सायकलला जागा ठेवली की गुण, सायकलवाल्यांना अंघोळीची सोय केली की गुण. आम्ही टाइल लावलेली झकास न्हाणी बांधली. कारखान्यात सायकलवर येणारी माणसं तीनच होती, दोन झाडूवाल्या आणि एक वॉचमन, आणि त्या तिघांना त्या न्हाणीत जायची बंदी होती. मी तिचा फोटो काढून फायलीत लावला. असे फोटो मी शेकड्यांनी काढले. ऑफिसनं त्यासाठी डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि तो मी गळ्यात घालूनच साइटवर हिंडायचो.

सगळ्यांत किचकट गुण होता कचऱ्याचा. बांधकामात निघालेला कचरा फेकायचा नाही, जाळायचा नाही. तो मोजून, वेगळा करून, पुन्हा वापरणाऱ्याकडे पाठवायचा आणि त्याची पावती जोडायची. काँक्रीटचे तुकडे रस्त्याच्या भरावात गेले, सळयांचे तुकडे भंगारात गेले. राहिलं लाकूड. सेंटरिंगच्या फुटक्या फळ्या, पाचरी, ढलप्या. आणि लाकडाशीच सगळं अडत होतं.

कारण कुठल्याही बांधकामावर फुटकी फळी ही मजुरांच्या चुलीची असते. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण मी पाहिलेल्या प्रत्येक साइटवर असंच चालायचं. संध्याकाळी काम सुटलं की बायका खाली पडलेल्या ढलप्या पदरात गोळा करतात आणि त्यावर भाकरी होते. मालक त्याकडे बघत नाही, कंत्राटदार बघत नाही. साफसफाई फुकट होते म्हणून उलट खूशच असतात. मी मात्र ढलप्यासुद्धा मोजायला घेतल्या. आवारात वजनकाटा आणून ठेवला. रोज संध्याकाळी सगळं लाकूड गोळा करून, खिळे उपसून, मोळ्या बांधायच्या, प्रत्येक मोळीतल्या जाड फळीवर निळ्या रंगानं नंबर घालायचा, वजन वहीत लिहायचं आणि फोटो काढायचा. नंबर मी स्वतः घालायचो, कारण दुसऱ्या कुणाचं अक्षर मला पटायचं नाही.

मजूर बहुतेक सुरगाण्याकडचे होते. भात-नागली निघाली की तिकडची गावं रिकामी होतात. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून माणसं नाशकात उतरतात आणि पावसापर्यंत इथंच राहतात. आमच्या साइटवर कुंपणाच्या कडेला त्यांच्यासाठी पत्र्याच्या आठ खोल्या होत्या. चुली बंद केल्या तेव्हा मी कंत्राटदाराकडून त्यांना रॉकेलचे दोन स्टोव्ह देववले आणि त्यांचाही फोटो काढला. आठ खोल्यांना दोन स्टोव्ह. बायका पाळ्या लावून भाकरी करायच्या. टोळीचा मुकादम एकदा म्हणाला की स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो, पोरं खात नाहीत. मी म्हणालो, सवय होईल.

त्या डिसेंबरात थंडी भयंकर पडली. आमच्या घरी तेव्हा बाळंतीण होती. माझी धाकटी बहीण पहिल्या खेपेला माहेरी आलेली, आणि तिला मुलगा झाला होता. आईनं आतली खोली तिच्यासाठी रिकामी केली, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि बाजेखाली शेगडी ठेवली. सकाळ-संध्याकाळ शेक, वर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. डॉक्टरीणबाई धूर नको म्हणाल्या होत्या. आईनं त्यांच्यासमोर मान डोलावली आणि घरी येऊन शेगडी पेटवली. चार पोरं याच शेकावर वाढवलीत, असं तिचं म्हणणं.

साधारण त्याच दिवसांत साइटवरही एक बाळंतीण झाली. आठव्या खोलीत एक जोडपं राहायचं. नवरा सेंटरिंगवर, बायको वाळू चाळायला. सोबत नवऱ्याची आई होती. बायको सरकारी दवाखान्यात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी रिक्षातून पत्र्याच्या खोलीत परत आली. मुलगी होती. गावी का पाठवत नाही, असं मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, गावात घराला कडी आहे, तिकडे कोण सांभाळणार, सगळी माणसं कामावर पांगलीत. पुढं मी काही विचारलं नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा माणूस महिन्याभरात पाहणीला येणार होता आणि माझ्या डोक्यात त्याच्याशिवाय काही नव्हतं.

म्हातारी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आली. बारीक, काटक बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं. तिला शेगडीपुरतं लाकूड पाहिजे होतं. चुलीला नको, भाकरी स्टोव्हवरच करू, पण बाजेखाली विस्तव पाहिजे, असं ती म्हणाली. मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं, पण मला समजावून सांगायची हौस. मी तिला धुरानं तान्ह्या पोराच्या छातीला काय होतं ते सांगितलं, डॉक्टरही आता शेगडी नको म्हणतात असं सांगितलं, आणि पोराला नीट गुंडाळून ठेवा म्हणून बजावलं. बोलताना माझ्या स्वेटरला आमच्याच घरच्या धुरीचा वास येत होता. तिला तो आला असणार, कारण ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

रविवारी आईनं मला कोळसा आणायला पिटाळलं. आमच्या भागात लाकडाच्या भट्टीची एक जुनी बेकरी होती आणि भट्टीतला कोळसा ते लोक विकायचे. बाळंतिणीला तोच चांगला, धूर करत नाही, असा आईचा अनुभव. मी पिशवी घेऊन गेलो. बेकरीच्या मागच्या अंगणात लाकडाचा ढीग होता आणि ढिगाच्या वरच एका फळीवर निळ्या रंगात एकोणतीस लिहिलेलं होतं. माझाच नऊ, खाली शेपूट वळवलेला. बाजूला एकतीस होता, चौतीस होता.

भंगारवाल्यानं मला दिलेल्या प्रत्येक पावतीवर ‘फर्निचरसाठी पुनर्वापर’ असं लिहिलेलं होतं. शब्द मीच त्याला सांगितले होते, कारण संस्थेच्या पुस्तकात तसंच लागत होतं. तो लाकूड कुठं नेतो हे मी कधी विचारलं नव्हतं. बेकरीवाला मोठ्या कौतुकानं सांगायला लागला की हे सातपूरचं लाकूड फार झकास, एक खिळा सापडत नाही, कोण उपसतं देव जाणे. मी कोळशाची पिशवी उचलली आणि घरी आलो.

आईनं लगेच शेगडी भरली. बहीण बाजेवर कूस बदलून झोपली होती, भाचा तिच्या पोटाशी, आणि खोली अशी उबदार झाली होती की मला स्वेटर काढावा लागला. मी दारात उभा राहून बघत होतो. लाकूड शेवटी जळतच होतं. माझ्या साइटवर न जळता चार मैलांवर जळत होतं, एवढाच काय तो फरक. म्हातारीला दोन फळ्या दिल्या असत्या तर पृथ्वीचं काही बिघडणार नव्हतं. हे मला त्या रविवारी, तिथं उभ्या उभ्या, पूर्ण कळलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

आणि तरीही सोमवारी मी काही बोललो नाही. लाकूड द्यायचं तर मुकादमाला सांगायला लागणार, मग बाकीच्या सात खोल्या मागणार, मग मोळ्यांची वजनं बिघडणार, आणि भंगारवाल्याला विचारायला गेलो तर सगळ्याच पावत्या खोट्या ठरणार. पाहणी एका आठवड्यावर आली होती. पण ही सगळी कारणं मी नंतर मांडली. त्या वेळी खरं कारण एवढंच होतं की मी नाही म्हणालो होतो, आणि नाही म्हटलेलं मागे घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्या आठवड्यात गारठा आणखी वाढला. निफाडकडे द्राक्षबागा जपायला शेतकऱ्यांनी बागेत रात्रभर शेकोट्या पेटवल्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. पेपरात पहिल्या पानावर फोटो होता: ओळीनं धुमसणाऱ्या शेकोट्या आणि वर टपोरे घड. तो पेपर मी बुधवारी सकाळी साइटवर चहा पिता पिता वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून ठेवला आणि मोळ्यांची फेरतपासणी करायला उठलो.

बेचाळीस नंबरची मोळी हलकी भरली. जास्त नाही, दोनेक किलो. पण वहीत माझ्या हातचं वजन होतं आणि काटा वेगळं दाखवत होता, आणि माझं डोकं फिरलं. नुसती चोरी वाटली असती तर कदाचित इतका चिडलो नसतो. माझ्या वहीला कुणी जुमानत नाही, याचा तो संताप होता. मी सरळ आठव्या खोलीकडे गेलो. दुसऱ्या कुठल्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही, कारण कुणाला गरज आहे ते मला चांगलं माहीत होतं.

पत्रा सारून आत वाकलो. नवरा कामावर गेलेला. बाळंतीण बाजेवर, तिच्या कुशीत मुलगी, आणि बाजेखाली घमेल्यात निखारे. म्हातारी उकिडवी बसून मुलीच्या तळपायांना निखाऱ्यावर गरम केलेल्या हातानं शेकत होती. अगदी आमच्या आईसारखं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मला बघून ती उठली नाही.

“फळी नाय घेतली साहेब,” ती म्हणाली. “खाली सांडलेल्या ढलप्या घेतल्या. पंधरा दिसाचं पोर हाय. इस्तू तेवढा राहू द्या.”

मी म्हणालो की सोमवारी मोठा साहेब येणार आहे, इथं धूर चालणार नाही, सगळ्यांना एकच नियम. ती म्हणाली, धूर कुठं आहे, निखारे आहेत. बरोबर होतं तिचं. धूर नव्हता. मग मी म्हणालो की बाळंतिणीचं मला शिकवू नका, माझ्या घरी पण बहीण बाळंतीण आहे.

म्हातारीनं वर बघितलं. “तिला शेक देता ना?”

खोलीच्या दाराशी पाण्याचा पिंप होता, त्यावर डबा होता. मी डबा भरला, खाली वाकलो आणि घमेल्यात ओतला. एका डब्यानं सगळं विझलं नाही म्हणून दुसरा ओतला. वाफ उठली, ओल्या राखेचा वास खोलीभर झाला, आणि मुलगी शिंकली. तिच्या आईनं मुलीच्या तोंडावर पदर ओढला आणि भिंतीकडे वळली. मी घमेलं उचलून बाहेर नेलं. ओल्या ढलप्या निवडून, उन्हात ठेवून, दुपारी पुन्हा काट्यावर घातल्या. बेचाळीसच्या वजनात त्या मिळवल्या आणि वहीत दुरुस्ती करून सही केली.

शुक्रवारी मुकादम म्हणाला की आठव्या खोलीतलं पोर दूध ओढत नाही, छाती घरघरते. मी म्हणालो, दवाखान्यात न्या. शनिवारी नेलं. रविवारी सकाळी मुकादमाचा निरोप आला की पोर गेलं आणि आठव्या खोलीतला नवरा सोमवारी कामावर नसेल, तर सेंटरिंगवर दुसरा माणूस लावू का. मी म्हणालो, लावा. डॉक्टरांनी कागदावर न्यूमोनिया लिहिला होता. डबाभर पाण्यानं पोर मेलं असं कोणी लिहून देत नाही, आणि ते तसं सिद्धही होणार नाही. तान्ही पोरं कशानंही जातात, मुकादम म्हणाला, आमच्याकडे तर दर वर्षी जातात. त्याचं हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस जपून वापरलं.

सोमवारी पाहणी झाली. संस्थेचा माणूस सज्जन होता, चष्मा लावणारा, हळू बोलणारा. त्यानं न्हाणी बघितली, सायकलची जागा बघितली, पाणी मुरायचे खड्डे बघितले, मोळ्या बघितल्या आणि माझ्या अक्षराची तारीफ केली. पत्र्याच्या खोल्यांवरून जाताना तो थांबला आणि साहेबांना म्हणाला, इतक्या साइट फिरतो, पण मजुरांच्या वस्तीत असा स्वच्छ वास पहिल्यांदाच आला, कुठं चूल नाही, धूर नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. आठव्या खोलीचा पत्रा ओढून घेतलेला होता आणि आत ती तिघं बसलेली होती, हे मला माहीत होतं, आणि तरी बरं वाटलं.

मंगळवारी दुपारी ते गावी निघाले. रस्त्यावर जीप उभी होती, टपावर त्यांची बोचकी. नवरा माझ्याकडे न बघता चढला. बायको आधीच आत बसली होती. तिचं दूध उतरून पोलकं ओलं झालं होतं आणि तिनं वर गोणपाट घेतलं होतं. मी फाटकाशी उभा होतो, कारण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक सामानाची नोंद फाटकावर ठेवायचा नियमही माझाच होता. म्हातारी सगळ्यांत शेवटी निघाली. माझ्यासमोर थांबली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मनातून मी त्याची वाटच बघत होतो.

“तुमच्या बहिणीचं पोर बरं हाय ना?” तिनं विचारलं.

“बरं आहे,” मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि जीपमध्ये चढली. बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो बरेच दिवस शोधत राहिलो, कारण टोमणा सापडला असता तर मला तिच्यावर रागावता आलं असतं.

निकाल यायला पाच-सहा महिने लागले. इमारत सोनेरी ठरली. मालकानं पेढे वाटले, शेजारच्या प्लॉटवाल्याला जातीनं जाऊन डबा दिला, आणि परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला पाटीसमोर सगळ्यांचा फोटो काढला. त्यात मी साहेबांच्या मागे उभा आहे. प्रमाणपत्रासोबत चार पानी पत्र होतं; कुठल्या बाबीला किती गुण दिले, कुठं नाकारले आणि का. ते वाचायची गरज कुणालाच वाटली नाही. मी ते ऑफिसात बसून वाचलं, कारण असली पत्रं वाचणं हे माझंच काम होतं.

तिसऱ्या पानावर कचऱ्याची बाब होती. लाकडाचा गुण नाकारला होता. भंगारवाल्याच्या पावत्यांवरून लाकडाचं पुढे नेमकं काय झालं ते स्पष्ट होत नाही, पुरावा अपुरा, असं एका ओळीत लिहिलेलं होतं. मी शेवटची बेरीज बघितली. सोन्याला लागतात त्याहून चार गुण आमच्याकडे जास्त होते. लाकडाचा गुण मिळाला असता तर पाच झाले असते, आणि पाटी तीच आली असती. मी पत्र घेऊन साहेबांकडे गेलो, म्हणालो, लाकडाचा गुण गेला. ते फोनवर होते. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ दे रे, मिळालं ना सोनं.

मी पत्र फायलीला लावलं. मोळ्यांची वही त्याच फायलीत आहे, बेचाळीसपाशी माझी दुरुस्ती आणि सही आहे. त्या मोळीतलं लाकूडही पुढे बेकरीतच गेलं असणार. ते कुणाच्या शेगडीत गेलं ते मला माहीत नाही, पण त्या हिवाळ्यात मी आणखी दोनदा कोळसा आणला होता.

भाचा आता कॉलेजात आहे. उंच आहे, फुटबॉल खेळतो, सर्दीपडसं त्याला माहीत नाही. त्याच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जमतो आणि आई दर वर्षी एकच गोष्ट सांगते. काय थंडी होती ती, म्हणते, द्राक्षं तडकत होती, आणि तुझा मामा बेकरीतनं कोळसा घेऊन आला म्हणून तू वाचलास. बहीण हसते. मग भाचा येऊन माझ्या पाया पडतो. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, औक्षवंत हो म्हणतो, आणि केकची बशी हातात घेतो. ती मुलगी त्याच्यापेक्षा आठ दिवसांनी लहान होती.